बालबोध अक्षर आणि त्याचे अनेक कारागीर

मराठी पुस्तक हातीं घेणारा वाचक प्रथम ग्रंथकर्त्याचें नांव पाहतो, फार तर प्रकाशकाचें व मुद्रकाचें नांव पाहतो आणि पानें उलटूं लागतो. ज्या अक्षरांवरून त्याची दृष्टि धांवत असते तीं अक्षरें कोणी घडविलीं, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. वस्तुतः देवनागरीचें छापील अक्षर हें एका माणसाचें किंवा एका धंद्याचें काम नव्हे. बोरूनें लिहिणारा लेखक, पोलाद कोरणारा लोहार, धातूचा रस ओतणारा ओतारी, खिळे जुळविणारा जुळारी, यंत्र व शाई सिद्ध करणारा मुद्रक आणि शुद्धाशुद्ध पाहणारा शास्त्री इतके जण एकत्र आले तेव्हांच तें निर्माण झालें. त्यांपैकीं एकाचीहि उणीव राहिली तेथें काम अडलें. हिंदुस्थानांतील मुद्रणाच्या पहिल्या तीनशें वर्षांचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

खिळा कसा तयार होत असे, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. त्यावांचून पुढील गोष्टींचें मर्म कळणार नाहीं. पोलादाच्या बोटभर कांबीच्या टोंकावर कारागीर टांकीनें व कानशीनें अक्षर उलटें कोरी. मग तो ठसा दिव्याच्या काजळीवर धरून कागदावर उमटवून पाही, पुन्हा घाशी आणि पुन्हा पाही. अक्षर मनासारखें उतरलें म्हणजे पोलादाला पाणी देऊन तें कठीण करीत आणि तांब्याच्या तुकड्यावर त्याचा आघात करीत. तांब्यांत उमटलेली ही खोलगट आकृति म्हणजे मातृका होय. मातृका सांच्यांत बसवून तींत शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला कीं एक खिळा हातीं येई. एका मातृकेपासून हजारों खिळे निघत. त्यामुळें कोरणाराच्या हातून केसाएवढी चूक झाली तरी ती प्रत्येक खिळ्यांत आणि प्रत्येक पानावर उतरे. उलट, त्यानें एकदां अक्षर उत्तम साधलें कीं त्याचें पुण्य हजारों वाचकांच्या डोळ्यांना लाभे.

रोमन लिपींतलीं अक्षरें थोडीं आणि सुटीं असल्यामुळें युरोपांत हें काम तुलनेनें सोपें झालें. नागरीची गोष्ट निराळी. येथें मात्रा, रफार व अनुस्वार अक्षराच्या डोक्यावर बसतात, उकार पायाशीं लोंबतो, वेलांटी पुढें किंवा मागें जाते, आणि जोडाक्षरांची तर गणतीच नाहीं. शिवाय शिरोरेघ शब्दाच्या आरंभापासून अखेरपर्यंत सलग दिसली पाहिजे. म्हणजे प्रत्येक खिळ्याची रेघ शेजारच्या कोणत्याहि खिळ्याच्या रेघेशीं अचूक भिडली पाहिजे. कोरणारानें अक्षराचें सौंदर्य पाहिलें, परंतु ओतणाराच्या सांच्याचा विचार केला नाहीं, तर शिरोरेघ तुटते. ओतणारानें आपली सोय पाहिली, परंतु लेखकाचें वळण जाणलें नाहीं, तर अक्षर ओबडधोबड होतें. म्हणूनच नागरी ठशाच्या कामांत प्रत्येक कारागिराला दुसऱ्याच्या धंद्याचें थोडेंबहुत ज्ञान संपादन करावें लागलें.

हिंदुस्थानांत छापण्याचें यंत्र प्रथम आलें तें गोव्यास, इ. स. १५५६ मध्यें. १५७८ मध्यें तमिळ अक्षरांत पुस्तक छापलें गेलें, कारण तीं अक्षरें कोरणारा मनुष्य तेथें मिळाला होता. मराठीला मात्र तें भाग्य लाभलें नाहीं. फादर स्टीफन्स यांचें क्रिस्तपुराण १६१६ मध्यें रायतूर येथें छापलें गेलें. त्याची भाषा मराठी, छंद ओवीचा, परंतु लिपि रोमन! ज्या कवीनें मराठी भाषेची थोरवी मनापासून गाइली, त्याच्या ओव्या परक्या अक्षरांत छापल्या जाव्या, हा एक विलक्षण योग होय. तेथें यंत्र होतें आणि विद्वान् होता. नागरी ठशांचा संच मात्र नव्हता.

दुसरा दाखला सुरतेचा आहे, आणि तो अधिक बोलका आहे. भीमजी पारेख हा ईस्ट इंडिया कंपनीचा दलाल होता. आपल्या धर्माचे जुने ग्रंथ छापावे अशी इच्छा त्याला झाली आणि त्यानें विलायतेहून मुद्रक पाठविण्याची विनंति कंपनीस केली. हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक यंत्र, कागद व इंग्रजी खिळे घेऊन १६७४ मध्यें आला. त्याचें वर्षाचें वेतन पन्नास पौंड होतें. परंतु हा गृहस्थ छापण्याची कला जाणत होता, अक्षर कोरण्याची किंवा ओतण्याची नव्हे. भीमजीनें धीर न सोडतां आपल्या पदरच्या माणसांकडून अक्षरें तयार करविण्याचा प्रयत्न केला, आणि कांहीं कागद छापूनहि दाखविले. तरी पण जाणता ओतारी व कुशल मुद्रक यांची जोड वेळेवर न मिळाल्यामुळें त्या उद्योगांतून एकहि ग्रंथ बाहेर पडला नाहीं. द्रव्य होतें, हौस होती, विलायतचा मनुष्य होता. परंतु हातांची सांखळी पुरी झाली नव्हती.

ही सांखळी प्रथम जुळली ती बंगाल्यांत. १७७८ मध्यें हुगळी येथें हालहेड यांचें बंगाली भाषेचें व्याकरण छापून निघालें. त्यांतील बंगाली खिळे चार्ल्स विल्किन्स या कंपनीच्या अधिकाऱ्यानें सिद्ध केले. हालहेड यांनीं आपल्या प्रस्तावनेंत विल्किन्स यांची मोठी स्तुति केली आणि धातु जाणणारा, कोरणारा, ओतणारा व छापणारा या चारहि भूमिका त्यांना एकट्यानें वठवाव्या लागल्या असें लिहिलें. ही स्तुति पुष्कळशी खरी आहे. परंतु ती अपुरी आहे. या कामांत पंचानन कर्मकार हा बंगाली लोहार विल्किन्स यांचा साथीदार होता, आणि मोहोरा व रत्नें कोरणारा जोसेफ शेफर्ड यानेंहि हातभार लावला होता. संस्कृतज्ञ अधिकारी, रत्नें कोरणारा आणि वंशपरंपरेनें लोखंड घडविणारा अशा तीन निराळ्या जगांतील माणसें त्या एका अक्षरमालेच्या मागें उभीं होतीं. प्रस्तावनेंत नांव आलें तें मात्र एकाचें.

पंचानन पुढें श्रीरामपूर येथील मिशनच्या छापखान्यांत गेला. १८०० मध्यें स्थापन झालेल्या या मिशनला विल्यम कॅरी हे भाषापंडित व विल्यम वॉर्ड हे मुद्रक लाभले होते. पंचाननच्या येण्यानें कोरणाराची उणीव भरून निघाली. त्यानें आपली विद्या आपल्या जांवयाला, मनोहर कर्मकाराला दिली. मनोहरनें पुढें कित्येक वर्षें हिंदुस्थानांतील व बाहेरील निरनिराळ्या भाषांचे ठसे कोरले. मराठी मुद्रणाचा या घराण्याशीं प्रत्यक्ष संबंध आहे. कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ मध्यें श्रीरामपुरास निघालें. त्या कामीं फोर्ट विल्यम कॉलेजांतील मराठीचे पंडित वैजनाथ शर्मा यांचें साह्य त्यांना होतें. व्यवहारांतील मराठी तेव्हां मोडींत लिहिली जाई, परंतु मोडीचे खिळे अद्याप नव्हते; म्हणून व्याकरणासाठीं देवनागरी योजावी लागली. पुढें १८१० मध्यें कॅरी यांचा मराठी कोश निघाला तो मोडी खिळ्यांत. मोडी लिहिणारा कारकून आधीं पानभर रेघ ओढतो आणि मग लेखणी शक्य तों न उचलतां अक्षरामागून अक्षर तिला लटकावीत जातो. अशा धांवत्या लिपीचे सुटे तुकडे पाडून ते पुन्हा जुळतील असे कोरणें, ही गोष्ट साधी नव्हती. पंडितानें वळण सांगावें आणि बंगाली लोहारानें, स्वतः मराठी न बोलतां, तें पोलादांत उतरावें, असा हा प्रकार होता.

११ मार्च १८१२ रोजीं श्रीरामपूरच्या छापखान्यास आग लागली. कागद, पुस्तकें व खिळे यांचा नाश झाला. परंतु पोलादी ठसे व मातृका वांचल्या. वितळलेलें शिसें राखेंतून गोळा करून त्याचेच पुन्हा खिळे ओतण्यांत आले आणि थोड्याच महिन्यांत छापखाना चालूं झाला. छापखान्याचें खरें भांडवल कोणतें, हें त्या दिवशीं उघड झालें.

याच १८०५ सालीं महाराष्ट्रांतहि एक निराळा प्रयोग झाला. पुण्याच्या दरबारीं इंग्रजांचे वकील सर चार्ल्स मॅलेट असतांना जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्यें तेथें आला. त्याच्या सहवासांत येथील कांहीं कारागीर पाश्चात्य पद्धतीचें चित्रकाम शिकले. त्यांत गंगाराम तांबट याचें नांव प्रसिद्ध आहे. वेरूळच्या लेण्यांचीं त्यानें काढलेलीं चित्रें आजहि जतन केलेलीं आहेत. याच काळांत पुण्याच्या एका तांबटानें तांब्याच्या पत्र्यावर अक्षरें कोरून छापण्याची विद्या हस्तगत केली, आणि नाना फडणवीसांनीं त्याच्याकडून भगवद्गीता छापविण्याचा विचार केला, असा वृत्तांत आहे. १८०० मध्यें नाना निवर्तले. पुढें मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनीं आश्रय दिला आणि १८०५ मध्यें मिरजेस ताम्रपटांवरून गीता छापून निघाली.

या गीतेचें मोल मोठें आहे. भांडीं घडविणाऱ्या जातींतला कारागीर, पोथी लिहिणारा लेखक व संस्थानिक असे तिघे एका कामास लागले, आणि तें काम कोणा परदेशी मिशनच्या आज्ञेनें झालें नव्हतें. परंतु त्या पद्धतीला एक मोठी मर्यादा होती. पत्र्यावर कोरलेलें पान त्या एका पानापुरतेंच उपयोगी. त्यांतील अक्षर सुटत नाहीं व दुसऱ्या पानावर जाऊन बसत नाहीं. प्रत्येक नव्या ग्रंथासाठीं सारें कोरीव काम पुन्हा आरंभापासून करावें लागे. तांबट व लेखक एकत्र आले, पण ओतारी त्यांना मिळाला नाहीं. म्हणून मिरजेची गीता एक अपूर्व वस्तु होऊन राहिली, तिच्यापासून परंपरा निर्माण झाली नाहीं.

परंपरा निर्माण झाली ती मुंबईस. अमेरिकन मिशनच्या लोकांनीं १८१७ मध्यें तेथें मराठी छपाई सुरू केली, तेव्हां यंत्र आणि खिळे बंगाल्यांतून आणावे लागले. ते खिळे मराठी डोळ्यांना परके वाटत. मराठी बालबोधांतील अ, झ, ण, ल, श यांचीं वळणें उत्तरेकडील नागरीहून वेगळीं होतीं, आणि पोथ्या वाचणाऱ्यांना तींच वळणें हवीं होतीं. पुढें मिशननें आपलीच ओतशाळा काढली. तेथें टॉमस ग्रॅहॅम हा ठसे कोरण्याचें काम शिकून पारंगत झाला आणि त्यानें लहान, रेखीव व जुळविण्यास सोईचे बालबोध खिळे सिद्ध केले. मुंबईकडे जी ‘डिग्री’ नांवाची पद्धति रूढ झाली, तींत ओळ तीन थरांनीं जुळवीत: मधल्या थरांत मूळ अक्षर, वरच्या थरांत मात्रा, रफार व अनुस्वार, आणि खालच्या थरांत उकार. दुसऱ्या, ‘अखंड’ म्हटल्या जाणाऱ्या पद्धतींत खिळा पूर्ण उंचीचा असे. हे प्रकार म्हणजे कोरणारा, ओतणारा व जुळारी यांनीं आपसांत केलेल्या तडजोडीच होत. एकाचें काम हलकें केलें कीं दुसऱ्याचें जड होई.

या मिशनच्या छापखान्यांत मराठी माणसेंहि काम शिकलीं. त्यांतले पहिले मोठे नांव गणपत कृष्णाजी यांचें. गोविंद नारायण माडगांवकर यांनीं आपल्या १८६३ च्या ‘मुंबईचें वर्णन’ या ग्रंथांत त्यांच्या खटपटीची हकीकत दिली आहे. गणपत कृष्णाजींनीं स्वतः लाकडी यंत्र तयार केलें, दगडाचे तुकडे मिळवून त्यांवर लिहून पाहिलें, शाई आपल्या हातानें बनविली, आणि १८३१ मध्यें शिळाछापावर पंचांग छापून काढलें. शाईंत चरबी असते म्हणून छापलेला कागद शिवण्यास सोंवळे लोक कचरत. तेव्हां त्यांनीं शाईंत तूप वापरलें असें सांगतात. लोकांचा संशय खोटा ठरविण्याऐवजीं त्यांनीं आपली शाईच बदलली, यांत कारागिराचें शहाणपण दिसतें. शिळाछापांत लेखकाचा हात जसाच्या तसा कागदावर येतो, म्हणून त्या पंचांगाला ज्योतिषी, सुंदर हस्ताक्षराचा लेखक आणि दगड घासून तयार करणारा असे तिघे लागत. पुढें गणपत कृष्णाजी खिळ्यांकडे वळले आणि त्यांनीं स्वतःच ठसे व मातृका करविल्या. शिळाछापामुळें बोरूच्या वळणाची जी जाण त्यांच्या छापखान्यांत मुरली होती, ती या खिळ्यांच्या कामीं उपयोगी पडली असली पाहिजे.

ग्रॅहॅम यांच्या ओतशाळेंत एक गरीब मुलगा खिळे घासण्याच्या कामाला लागला होता. हाच पुढें निर्णयसागर छापखान्याचा संस्थापक झाला. जावजी दादाजी यांचा जन्म १८३९ चा. शाळेंतलें शिक्षण त्यांना फारसें मिळालें नाहीं. परंतु खिळे घासतां घासतां चांगला खिळा कोणता आणि वाईट कोणता हें त्यांच्या बोटांना कळूं लागलें. निरनिराळ्या छापखान्यांत चाकरी केल्यावर १८६४ मध्यें त्यांनीं स्वतःची ओतशाळा घातली आणि १८६९ मध्यें छापखाना काढला. या उद्योगांत राणोजी रावजी आरू हे त्यांचे स्नेही व सहकारी होते. आरू ठसे कोरीत. जावजी ते ओतवून, छापून, बाजारांत नेत. कोरणारा आणि छापणारा यांचा हा स्नेह मराठी मुद्रणाच्या इतिहासांतील एक भाग्याची गोष्ट होय. सुरतेस हिल्स व कोरणारा यांची गांठ पडली नाहीं. मुंबईस ती मैत्रीच्या रूपानें पडली.

निर्णयसागरच्या अक्षरांत बोरूचें तिरपें टोंक ओळखूं येतें. जाड रेषा कोठें भरावी आणि कोठें बारीक व्हावी, हें लिहिणाऱ्या हाताच्या गतीवरून ठरलेलें आहे, टांकीच्या सोईवरून नव्हे. त्याचबरोबर प्रत्येक अक्षर आपल्या मापाच्या अंगावर नीट बसतें आणि शिरोरेघ जुळते. लेखक व ओतारी या दोघांनाहि न्याय मिळाला, तो मधल्या कोरणाराच्या समजुतीमुळें.

एवढ्यानेंहि काम संपलें नाहीं. उत्तम खिळ्यांनीं अशुद्ध ग्रंथ छापला तर त्या सौंदर्याचा काय उपयोग? जावजींनीं शास्त्री पदरीं बाळगले. १८८६ पासून निघूं लागलेल्या ‘काव्यमाला’ या संस्कृत ग्रंथमालेचें संपादन जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद व काशिनाथ पांडुरंग परब यांनीं केलें. मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत, टीका लहान अक्षरांत, आणि पाठभेद तळाशीं त्याहून बारीक अक्षरांत, अशी पानांची मांडणी निर्णयसागरच्या ग्रंथांत दिसते. ही मांडणी शास्त्र्याला हवी होती. परंतु तितक्या लहान मापाचीं वाचनीय अक्षरें कोरणारानें दिलीं नसतीं तर ती त्याच्या मनांतच राहिली असती. लहान मुलांसाठीं विनायक कोंडदेव ओक यांनीं १८८१ मध्यें सुरू केलेलें ‘बालबोध’ मासिकहि याच छापखान्यांतून निघे. जावजी १८९२ मध्यें वारले, पण निर्णयसागरचे ग्रंथ काशीपासून युरोपांतल्या विद्यापीठांपर्यंत पोंचत राहिले. त्यांच्याबरोबर मुंबईचें अक्षरवळणहि सर्वत्र गेलें. आज हिंदी पुस्तकांत दिसणारे अ, झ आणि ण हे त्याच मुंबई वळणाचे आहेत.

येथें एक विचार केल्यावांचून राहवत नाहीं. आपल्या समाजांत लेखणी एका घरीं, हातोडा दुसऱ्या घरीं आणि पोथी तिसऱ्या घरीं अशी वांटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली होती. लोहाराला पोथीचा अधिकार नव्हता आणि शास्त्र्याला भट्टीचा विटाळ होता. छापखान्याच्या गरजेनें त्यांना एका छपराखालीं आणलें. तेथें शास्त्र्याला शिशाच्या अंगाचा विचार करावा लागला, आणि ठसे कोरणाराला ‘क्ष’ व ‘ज्ञ’ यांचें पोट कसें असावें हें शास्त्र्याइतकेंच जाणावें लागलें. ही समता कोणी उपदेशानें आणली नाहीं. ती कामानें आणली. मात्र श्रेयाच्या वांटणींत ती टिकली नाहीं. ग्रंथांवर संपादकांचीं नांवें आलीं, छापखान्याच्या मालकांचीं आलीं; आरू किंवा पंचानन यांचीं नांवें शोधावीं लागतात, आणि मिरजेच्या गीतेचीं अक्षरें ज्यानें कोरलीं त्या तांबटाचें नांव सर्वसामान्य वाचकाच्या कानावर कधीं आलेंच नाहीं.

शिशाचे खिळे आतां छापखान्यांतून गेले. मातृका व सांचे मोडींत निघाले, आणि अक्षर संगणकाच्या पडद्यावर उमटूं लागलें. परंतु सहकार्याचा नियम बदललेला नाहीं. र. कृ. जोशी (१९३६–२००८) या सुलेखनकारानें संगणकासाठीं ‘रघु’ व ‘मंगल’ हीं देवनागरी अक्षरवळणें घडविलीं, तेव्हां त्यांना संगणकाची भाषा जाणणाऱ्यांची साथ घ्यावी लागली. कोणत्या अक्षरापाशीं कोणतें चिन्ह कोठें बसावें, अर्धें अक्षर कोणापुढें कसें मोडावें, हे जे प्रश्न जुन्या ओतशाळेंत कानशीनें सोडविले जात, तेच आतां गणितानें सोडवावे लागले. टांकी गेली, तिच्या जागीं नवा कारागीर आला.

म्हणून मराठी पुस्तकाचें ऋण मानतांना तें ग्रंथकारापाशींच थांबवूं नये. ज्ञानेश्वरी किंवा तुकारामांची गाथा घरोघर पोंचली तेव्हां ती वाणी ज्या लहानशा पोलादी टोंकांवरून कागदावर आली, तीं टोंकें कोणीतरी दिव्याच्या काजळीवर धरून पुन्हा पुन्हा तपासलीं होतीं. जुन्या छापखान्यांचे वारस, ग्रंथसंग्रहालयें व मुद्रणाच्या शाळा यांच्यापाशीं उरलेले ठसे, नमुन्यांचीं पुस्तकें व कामगारांच्या नांवांच्या वह्या जपून ठेवल्या गेल्या, तर त्या हातांचा इतिहास अजूनहि लिहितां येईल. हे कागद व धातूचे तुकडे रद्दीच्या व मोडीच्या भावानें जाण्यापूर्वीं तें काम झालें पाहिजे.